दीड हजार दिरहम निघाले, मग साडेनऊशे रुपये गेले कुठे?

पत्र : आमचे हे शारजात एसीचं काम करतात. पैसे मामाजींच्या खात्यावर येतात, कारण माझ्या जनधन खात्यावर टाकले होते तं वापस गेले. मागच्या महिन्यात ह्यांनी १,५०० दिरहम टाकले. त्या दिवशी मोबाइलवर २४ रुपये भाव दिसत होता, म्हणजे ३६,००० पाहिजे. मामाजींच्या पासबुकात ३५,०५२ पडले. दसऱ्याच्या महिन्यात तीन वेळा मिळून तेवढेच दिरहम टाकले, तं तेव्हा आणखी हजार कमी आले. ह्यांना विचारलं तं म्हणतात, मी पूर्ण टाकले. मामाजींना विचारायची सोय नाही, विचारलं की ताटावरून उठतात. गावात एक जण म्हणतो, माझ्याकडून मागवा, घरपोच नगदी देतो, भाव पूर्ण २४ चा. पैसा नेमका कोण खातो ते सांगा. पावतीचा फोटो सोबत पाठवत आहे.
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर :

ताई, आधी मामाजींना जेवू द्या. त्यांनी तुमच्या पैशातला रुपयाही घेतलेला नाही, आणि तुमच्या ह्यांनीही खोटं सांगितलेलं नाही. उत्तर तुम्ही पाठवलेल्या पावतीतच आहे. फक्त ती पावती छापताना ते पटकन कुणाच्या नजरेत भरू नये याची काळजी घेतलेली दिसते.

फोटो मोठा करून बघा. ह्यांनी काउंटरवर १,५०० दिरहम दिले, हे खरं. त्यातून एक्स्चेंजवाल्यानं, म्हणजे तिकडच्या पैसे बदलून पाठवणाऱ्या दुकानानं, २० दिरहम फी घेतली. त्या फीवर तिकडचा ५ टक्के व्हॅट, म्हणजे आणखी १ दिरहम. उरले १,४७९. आता खालच्या बाजूला बारीक अक्षरात 'रेट' लिहिलाय तो वाचा. २३.७० आहे. मोबाइलवरचा २४ नाही. १,४७९ ला २३.७० नं गुणा, ३५,०५२ रुपये ३० पैसे येतात. पासबुकात तेवढेच पडलेत. हा गुणाकार मामाजींच्या समोर, मोठ्यानं आकडे वाचत करा. विचारण्यापेक्षा दाखवलेलं बरं असतं, विशेषतः आपल्याकडच्या सासऱ्यांना.

म्हणजे कमी आलेले ९४८ रुपये दोन वाटांनी गेले. फी आणि व्हॅटचे २१ दिरहम, त्याचे ५०४ रुपये. आणि दर दिरहमामागे ३० पैसे कमी भाव दिला, त्याचे ४४४ रुपये. पहिला खर्च पावतीवर चार्जेस म्हणून छापलेला तरी असतो. दुसरा खर्च म्हणून कुठंच लिहिलेला नसतो, तो भावातच मुरलेला असतो. मोबाइलवर दिसतो तो भाव बँका आपसात मोठमोठे सौदे करतात त्या बाजारातला. त्या भावानं तुम्हाआम्हाला पैसे बदलून देणारं दुकान क्वचितच सापडेल, आणि सापडलं तर ते फीमधून वसूल करत असेल.

कापूस विकताना तुम्ही हे दर वर्षी बघता. खेडा खरेदीवाला दारात येऊन जिनिंगपेक्षा शंभर रुपये वरचढ भाव सांगतो, आणि काट्यात नि ओलाव्यात काढून घेतो. म्हणून जाणता शेतकरी भाव विचारतच नाही, क्विंटलमागे हातात किती पडतील ते विचारतो. इथंही तोच हिशेब लावा. खात्यात पडलेले रुपये भागिले हातातून गेलेले दिरहम. ३५,०५२ ला १,५०० नं भागलं की येतात २३ रुपये ३७ पैसे. हा तुमचा खरा भाव. बाकी फी किती, रेट किती, ऑफर कुठली, हे सगळं या एका आकड्यात येऊन जातं.

आता दसऱ्याच्या महिन्याचा हिशेब या रीतीनं करून बघू. ह्यांनी ५००-५०० असे तीनदा टाकले. फी रकमेवर नसते, खेपेवर असते, म्हणून २१ दिरहम तीनदा कापले गेले. ५०० तले राहिले ४७९, रुपयात ११,३५२. तीन खेपांचे मिळून ३४,०५७. खरा भाव पडला २२ रुपये ७० पैसे. तेच दुकान, तोच रेट, तेवढेच दिरहम, आणि घरात हजार रुपये कमी आले. हजार रुपयांत खताची गोणी किती येते ते मी तुम्हाला सांगायला नको.

मला कळतं, माणूस हौसेनं तीनदा पाठवत नाही. इकडून फोन जातो, फवारणीला पाहिजेत, शाळेत भरायचेत, आत्याबाईंना यवतमाळला दाखवायचंय, की तो ओव्हरटाइमचे मिळाले तसे टाकतो. त्याला दोष देऊ नका. पण महिन्याच्या सुरुवातीला दोघांनी फोनवर बसून एकदाच आकडा ठरवला आणि मधल्या अडीनडीसाठी पाच-सात हजार खात्यात शिल्लक ठेवले, तर महिन्याला हजार वाचतात. भावासाठी चार दुकानं फिरून एवढे वाचत नाहीत. दिरहमामागे दहा पैसे जास्त मिळाले तरी १,५०० वर ते दीडशे रुपयेच होतात.

'झिरो फी'च्या जाहिरातींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ह्यांच्या मोबाइलवर त्या येत असणारच. फी शून्य असते तिथं भाव आणखी खाली असतो. समजा फी नाही आणि भाव २३.४०. १,५०० चे ३५,१०० आले, म्हणजे तुमच्या नेहमीच्या दुकानापेक्षा ४८ रुपये जास्तच. ५०० पाठवायचे असतील तर हाच रस्ता पुष्कळ चांगला, ११,३५२ च्या जागी ११,७०० येतात. पण बोनसचे ५,००० दिरहम या रस्त्यानं पाठवले तर १,१७,००० येतील, आणि फीवाल्या दुकानातून १,१८,००२. थोडे असले तर फी बघायची, जास्त असले तर भाव बघायचा. ह्यांना एवढं सांगा, एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे गणित अवघड नाही.

आणखी एक बारकावा. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे. म्हणून दिरहमाचा भाव हलतो तो डॉलर-रुपयाच्या मागे, शारजात काही घडलं म्हणून नव्हे. डॉलर महागला अशी बातमी आली की इकडे रुपये जास्त पडतात. पण रुपया आणखी घसरेल म्हणून पेरणीचे पैसे तिकडे अडवून धरणं मला पटत नाही. मृग लागल्यावर बियाणं उधारीवर घेतलं तर दुकानदार जे लावतो, ते या पैशांतल्या फरकापेक्षा जास्त असतं. शनिवार-रविवारी मात्र शक्यतो टाळा. बाजार बंद असतो, भाव पुढे कुठं जाईल कळत नाही, म्हणून बरेच जण हात राखून देतात.

आता, ३६,००० मागे ९४८ गेले, म्हणजे २.६ टक्के. हे जास्त की कमी? जागतिक बँक २०० डॉलर पाठवायला किती खर्च येतो ते देशोदेशी मोजते. सगळ्या जगाची सरासरी गेली काही वर्षं ६ ते ७ टक्क्यांच्या मध्ये आहे. २०३० पर्यंत ती ३ टक्क्यांच्या खाली आणायची असं संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत लिहून ठेवलंय. आखातातून भारतात पाठवणं त्यामानानं स्वस्त, कारण पाठवणारे लाखो आणि दुकानांत चढाओढ. तुमच्या घरचा एकरकमी खर्च ३ टक्क्यांच्या आत आहे, आणि तीन खेपांचा झाला ५.४ टक्के. (जाता जाता : गल्फचा पैसा म्हटलं की सगळे केरळकडे बोट दाखवतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात पहिला नंबर महाराष्ट्राचा होता, २०.५ टक्के. केरळ १९.७.)

ह्यांनी तिकडच्या बँकेतून थेट स्विफ्टनं, म्हणजे देशोदेशीच्या बँका आपसात पैसे पाठवतात त्या रस्त्यानं, पैसे टाकले असते तर आणखी कात्री लागली असती. एक्स्चेंज हाउसची पद्धत वेगळी असते. त्यांचे रुपये इथल्या बँकेत आधीच ठेवलेले असतात. ह्यांनी तिकडे दिरहम दिले की इकडच्या साठ्यातले रुपये देशातल्या देशात तुमच्या खात्यावर येतात, म्हणून काम काही मिनिटांत होतं. स्विफ्टमध्ये मध्ये एखादी तिसरी बँक असली तर ती आपलं शुल्क वाटेतच कापते, आणि इथली बँक परकीय चलनाचे रुपये करताना जीएसटी लावते. ३६,००० वर तो जीएसटी ६५ रुपयांच्या आसपास, २५,००० पर्यंत कितीही असले तरी ४५. मोठी रक्कम असेल तर स्विफ्ट ठीक आहे, महिन्याच्या घरखर्चाला नको.

आता तो घरपोचवाला. ताई, याला साफ नाही म्हणा. त्याच्या धंद्याला हवाला म्हणतात, आणि तो पूर्ण २४ चा भाव देऊ शकतो यातच सगळं आलं. परवाना असलेल्या दुकानाला जे जमत नाही ते याला कसं जमतं? कारण तुमचे दिरहम तिकडे कुणाला तरी हिशेबाबाहेर हवे असतात, आणि इकडचे रुपये कुणाचे तरी लपवायचे असतात. ते करचोरीचे असतील, तस्करीचे असतील, किंवा ऑनलाइन फसवणुकीचेही असतील. परकीय चलनाच्या कायद्यात, म्हणजे १९९९ च्या फेमात, असा व्यवहार सापडला तर रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. तुमचा फायदा ९४८ रुपयांचा, आणि दंड लाखाच्या वर.

दंड दूर राहिला तरी रोजच्या अडचणी आहेतच. नगदीऐवजी त्यानं 'खात्यावरच टाकतो' म्हणून कुठल्यातरी परक्या खात्यातून पैसे पाठवले, आणि ते पैसे कुणाच्या फसवणुकीचे निघाले, तर कुठल्याशा राज्याच्या सायबर पोलिसांकडून तुमचं खातं गोठतं. मग ऐन हंगामात तुम्ही पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणार. नगदी घेतली तर तो पैसा शारजातल्या घामाचा आहे याचा कागद तुमच्याकडे राहत नाही. उद्या दारव्ह्यात प्लॉट घ्यायचा झाला की पहिला प्रश्न तोच येईल. सरळ मार्गानं आलेल्या पैशाची काळजी नाही. नवऱ्यानं बायकोला किंवा मुलानं बापाला पाठवलेल्या रकमेवर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही, कितीही असो.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती एक ओळ, जी तुम्ही ओघात लिहून गेलात : माझ्या खात्यावर टाकले होते तं वापस गेले. खरं दुखणं तिथं आहे. तुमचं खातं कागदपत्रांशिवाय, नुसता फोटो लावून आणि सही करून उघडलेलं असेल, तर बँकेच्या भाषेत ते 'छोटं खातं' आहे. त्यात वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही, महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाही. आणि पूर्ण केवायसी, म्हणजे बँकेनं कागदपत्रांवरून केलेली ओळखीची पडताळणी, झाल्याशिवाय परदेशातला पैसा त्यात घेताच येत नाही. म्हणून वापस गेले. दुसरी शक्यता अशी, की जनधन योजना सुरू झाली तेव्हा, २०१४-१५ मध्ये खातं उघडलेलं असेल, तर दहा वर्षांची केवायसी उलटून गेली. दोन्हींवर इलाज एकच. आधार, पॅन असेल तर पॅन, दोन फोटो घेऊन शाखेत जा आणि 'माझं खातं पूर्ण केवायसीचं साधं बचत खातं करून द्या' असं लेखी द्या. पोच घ्या. बाईंसाठी एसटीचं तिकीट अर्धंच आहे, पण मजुरी पूर्ण बुडते, तेव्हा एका खेपेत काम होईल अशी तयारी करून जा.

त्याच खेपेत नाव तपासून घ्या. आपल्याकडे आधारवर सासरचं नाव, पासबुकात माहेरचं, आणि तिकडे ह्यांनी लिहिलेलं तिसरंच, असं फार होतं. पासबुकावर जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच अक्षर न अक्षर ह्यांना फोटो काढून पाठवा. आणि खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत असेल तर जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड देऊ नका. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली. आजचा कोड शाखेतून लिहून घ्या.

मामाजींच्या खात्याचा विषय नाजूक आहे, तरी सांगतो. त्यांच्या नावावर पीककर्ज असेल आणि ते थकलं असेल, तर त्याच बँकेतल्या बचत खात्यावर परदेशातला पैसा आणू नका. खेड्यात अशा खात्यांवर होल्ड लागतो, म्हणजे पैसे काढता येत नाहीत, मग तो काढायला मॅनेजरपुढे हात जोडावे लागतात. मामाजींना हेच कारण सांगा. तुमचा विश्वास नाही म्हणून खातं बदलतो, असं त्यांना वाटायला नको. आणि दर महिन्याला त्यांच्या हातात त्यांचा म्हणून काही ठरलेला पैसा पडला पाहिजे, न मागता. ताटावरून उठणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा हिशेब नको असतो, मान हवा असतो.

ह्यांना सुट्टी मिळून ते घरी आले की त्यांच्या नावानं एनआरई खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांनी तिकडची कमाई इथं ठेवायचं खातं, उघडा. तिकडून साठवायचा पैसा त्यात येऊ द्या. त्यावरचं व्याज इथं करमुक्त असतं, आणि जवळची नातेवाईक म्हणून तुमचं नाव त्यात जोडता येतं. ते हयात असताना तुम्ही ते मुखत्यारपत्रावर चालवू शकता. त्यांचं जुनं साधं बचत खातं मात्र नियमानुसार एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या व्यवहारांसाठीचं खातं, करावं लागतं. हे बहुतेकांनी केलेलं नसतं. तुम्ही करा.

गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढताना केंद्रवाला हजारामागे काही मागत असेल तर देऊ नका. त्याला कमिशन बँक देते, गिऱ्हाइकाकडून परस्पर घ्यायची परवानगी नसते. शारजापासून दारव्ह्यापर्यंत २.६ टक्क्यांत आलेला पैसा शेवटच्या दोन फर्लांगात आणखी एक टक्का गमावतो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ऐकलं नाही तर शाखेत लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८.

ज्यांची मुलं दुसऱ्या देशांत आहेत अशा वाचकांसाठी दोनच ओळी. सिंगापूरहून यूपीआयनं पैसे येण्याची सोय २१ फेब्रुवारी २०२३ पासून झाली आहे, छोट्या रकमांना ती सोयीची. अमेरिकेतून रोख देऊन पाठवलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२६ पासून १ टक्का कर लागतो, बँक खात्यातून पाठवले तर लागत नाही. मुलांना तेवढं सांगा.

तर ताई, केवायसी झालं, कोड आला, नाव जुळलं, की नव्या खात्यावर आधी थोडे पाठवून बघा असं तुम्हाला सगळे सांगतील. सल्ला बरोबर आहे. पण ह्यांनी नेहमीच्या दुकानात जाऊन १०० दिरहम टाकले तर २१ फीत जातील, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. ती पहिली खेप फी नसलेल्या रस्त्यानं करा. पैसे पडल्याचा मेसेज आला, की पुढच्या पगारापासून एकच खेप, नेहमीच्या दुकानातून, तुमच्या खात्यावर.